उतरेपर्यंतचं नाव

काजूचं तेल उतलं की आमच्या वाडीत आधी पोराचं नाव बंद करतात, मग औषध शोधतात.

हे मी इथे आखातात, इब्रीत, ज्याला ज्याला सांगितलं तो हसला. हसा बाबांनो. कच्ची काजूबी फोडताना तेल उडून तोंड सुजलेलं ज्याने पाहिलं नाही, त्याने हसावंच. बीच्या टरफलात ते तेल असतं, काळं आणि चिकट. कातडीला लागलं की लगेच काही दिसत नाही. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कातडी भाजल्यासारखी लाल होते, पुरळ उठतं, फोड येतात, त्यांतून पाणी सुटतं. बिब्बा उततो तसंच. आई म्हणायची, तेल आंधळं असतं, पण त्याला कान असतात. पोराचं नाव ऐकलं की ते पुन्हा त्याच्याच अंगावर चढतं. म्हणून शेवटची खपली पडेपर्यंत त्याला त्याच्या नावाने हाक मारायची नाही. भोपळ्या म्हणा, टोपल्या म्हणा, काहीही म्हणा. खपली पडली की उंबऱ्याबाहेर उभं राहून खऱ्या नावाने तीनदा हाक मारायची, पोराने तीनदा ओ द्यायची, त्याच्या तोंडात साखर घालायची. खलास.

आमचे अलीमियाँ, म्हणजे माझा नवरा, पाच वेळचे नमाजी. त्यांना हे असलं आवडत नाही. "वजीरा, तुझ्या वाडीतली खुळं इथे कशाला आणलीस?" म्हणायचे. मी म्हणायचे, "सुकट आणली तर चालते, आमसुलं आणली तर चालतात, मग खुळं तेवढी मागे का ठेवू?" त्यावर ते हसायचे. त्यांचं कापडाचं दुकान बाजारात, आणि दुकानाच्या वरच आमच्या दोन खोल्या. मी वर मोठ्याने बोलले की खाली गिऱ्हाइकाला ऐकू जातं, असं त्यांचं म्हणणं.

समोरच्या दारात प्रेमा आणि जनार्दन राहायला आले ते दोन हजार तेरा साली. जनार्दन मूळचा गुहागरकडचा, गॅरेजमध्ये गाड्यांचे एसी दुरुस्त करायचा. प्रेमा दातांच्या एका दवाखान्यात डॉक्टरच्या हाताखाली. दवाखाना दुपारी बंद व्हायचा, चार वाजता पुन्हा उघडायचा आणि रात्री जेवणाच्या वेळेपर्यंत चालायचा. पहिल्याच आठवड्यात ती दारात येऊन उभी राहिली.

"भाभी, विचारू की नको, समजत नाही..."

"विचार गो. नाही म्हणायला मला चांगलं येतं."

साई तिच्या मागे होता, तिच्या ओढणीत तोंड घालून. एक डोळा तेवढा बाहेर. मी नाही म्हटलं नाही. तेव्हापासून रोज चार वाजता साई माझ्याकडे. मी त्याची खाला, म्हणजे मावशी झाले.

इंग्रजीत बडबड चालायची त्याची, मध्येच मराठी, मध्येच शाळेतलं हिंदी. मी चपात्या लाटायचे आणि तो पिठाचे उंट करायचा. संध्याकाळी त्याला दूध लागायचं, आणि दूध एकाच पेल्यात लागायचं. माझ्या फडताळात मागे ठेवलेला छोटा स्टीलचा पेला त्याने स्वतःच शोधून काढला होता. त्यावर टोचून नाव घातलं होतं: चि. तौहीद. माझी शाळेतली मैत्रीण जयवंती, तिने रत्नागिरीच्या बाजारात नाव घालून घेऊन पोराला दिलेला. आमच्या भागात नाव नसलेलं भांडं दिलं तर दिल्यासारखं वाटत नाही कोणाला.

प्रेमाची फार इच्छा, की पोराला मराठी अक्षरं यावीत. मी सातवी पास, मराठी शाळेत. पाटी नव्हती म्हणून पेल्यावरूनच शिकवायला बसले.

"खाला, ह्या त वर दोन फ्लॅग्ज का आहेत?"

"फ्लॅग नाहीत रे ते, मात्रा आहेत. वाच."

"तौ... ही... द. तौहीद! हा कोण?"

"आहे एक मुलगा."

"कुठे आहे?"

"रत्नागिरीला."

यात खोटं काही नव्हतं. तो रत्नागिरीलाच आहे, मशिदीमागच्या कबरस्तानात.

तौहीद माझा मुलगा. चार वर्षांचा झाला, पावसाळ्यात ताप आला आणि गेला. अलीमियाँ तेव्हा इथे दुसऱ्याच्या दुकानात कामाला होते. पासपोर्ट अर्बाबाकडे, म्हणजे अरब मालकाकडे, आणि तो मस्कतला. ते गावी पोचले तोवर कबरीवर गवत आलं होतं. पोराला त्यांनी एकदाच सुट्टीत पाहिला होता, तोही रांगता. बाकी सगळं कॅसेटवर. तेव्हा घरात फोन नव्हता, आम्ही बायका कॅसेट भरून कोणा जाणाऱ्याबरोबर पाठवायचो. त्या कॅसेटमध्ये मी हाक मारते, "तौहीद!" आणि तो आतल्या खोलीतून ओ देतो. चांगली लांबलचक ओ. मग मी म्हणते, "अब्बांना सलाम कर," तर लाजतो आणि काही बोलतच नाही. एवढंच. अलीमियाँनी ती कॅसेट इतकी वाजवली की एक दिवस फीत टेपमध्ये अडकून तुटली.

नंतर त्यांनी मला इकडे आणलं. पुन्हा मूल झालं नाही. आणि ते नाव आमच्या घरात बंद झालं. भांडून नाही, ठरवून नाही, नुसतंच बंद झालं. मी इतकी तोंडाळ की बाजारात मासेवाला मला बघितलं की दुसरीकडे तोंड फिरवतो, पण ते नाव ओठांवर आलं की मी उठून पाणी प्यायचे. आमच्याकडे लाडानेसुद्धा पोरांना "मेल्या" म्हणतात. मी त्यानंतर कुठल्या पोराला म्हटलं नाही.

तर ते काजू. साई आला त्याच्या पुढच्या वर्षी एप्रिलात रत्नागिरीहून आलेल्या एका माणसाने आमच्यासाठी पिशवीभर काजूबिया आणल्या, टरफलासकट. मला काय आनंद झाला! साईला म्हटलं, चल, तुला काजू कसे भाजतात ते दाखवते. तुला वाटतं काजू पाकिटात पिकतात. गच्चीवर तीन विटा मांडल्या, तुपाच्या जुन्या डब्याला तळाशी भोकं पाडली, खाली जाळ केला. बियांनी पेट घेतला, तेल उडायला लागलं, धूर नुसता काळा. साई लांबून उड्या मारतोय.

"खाला, इट्स बर्निंग! जळतंय!"

"जळायलाच पाहिजे. तेल जळलं की काजू गोड."

भाजलेल्या बिया मी वाळूत ओतल्या आणि गार व्हायला ठेवल्या. कच्च्या थोड्या पिशवीत उरल्या होत्या. तेवढ्यात मगरीबची, दिवस मावळतीची, बांग झाली. मी साईला म्हटलं, "हात मागे बांधून उभा राहा. कशाला हात लावायचा नाही. मी नमाज पढून आलेच."

राहिला असेल तो उभा थोडा वेळ. पण त्याच्या मनात आलं, मम्मासाठी एक काजू काढून ठेवावा. भाजलेल्या बिया काळ्या, म्हणजे त्याच्या लेखी घाणेरड्या. मम्माला स्वच्छ द्यायची होती. म्हणून त्याने पिशवीतली कच्ची बी घेतली आणि दाताने फोडली. मी वर आले तर पोरगं थुंकतंय, हाताने तोंड पुसतंय आणि तेच हात डोळ्यांना. मी त्याला उचलला आणि खाली मोरीत आणून साबणाने धू धू धुतला, कपडे बदलले, नखं घासली. पण मला माहीत होतं. तेल लागलं ते लागलं.

तिसऱ्या दिवशी त्याचे ओठ असे सुजले की बोलणं कळेना. गाल, हनुवटी, कानामागे, बोटांच्या बेचक्यांत सगळीकडे पुरळ. डोळे अर्धे मिटलेले. मला स्वतःला फोडून काढावंसं वाटलं. प्रेमा त्याला घेऊन डॉक्टरकडे गेली, मलम आणि प्यायचं औषध घेऊन आली. मी मान खाली घालून दारात उभी. मला वाटलं आता बोलेल, बोलू दे. तर तीच म्हणाली, "भाभी, तुम्ही मुद्दाम केलंत का? लहानपणी मामाकडे मलाही आंब्याचा चीक उतला होता. ओठ असे झाले होते माझे. होतं." आणि माझ्या हातावर हात ठेवला. अशी होती प्रेमा. हे मी विसरत नाही आणि कोणाला विसरू देत नाही.

मग आम्ही दोघींनी मिळून त्याचं केलं. शाळा बंद, म्हणून तो दिवसभर माझ्याकडेच. डॉक्टरचं औषध वेळेवर, त्यात मी पडले नाही. मी कमी शिकलेली असेन, खुळी नाही. पण खाज काही औषधाने लगेच जात नाही आणि पाच-सहा वर्षांच्या पोराला खाजवू नको म्हणून सांगणं म्हणजे माशीला बसू नको सांगण्यासारखं. मी आमसुलं भिजत घालून ते पाणी गार करायचे, मऊ सुती फडकं त्यात बुडवून गालावर, मनगटावर ठेवायचे. फोड फुटला असेल तिथे नाही, तिथे झोंबतं. तिथे फक्त डॉक्टरचं मलम. कातडी कोरडी पडून ताणायला लागली की ताज्या नारळाचं दूध, गार, बोटाने हलकंसं. नखं बारीक कापली. झोपताना हातांत जनार्दनचे सुती मोजे घातले, ते कोपरापर्यंत आले. साई ते हात हलवून म्हणाला, "मी बॉक्सर." सुजलेल्या ओठांनी हसला तर दुखलं आणि मग रडला.

आणि मी त्याचं नाव बंद केलं.

प्रेमाला वेगळं सांगितलं नाही. ती गुहागरची सून, चीक उतलेली पोर, तिला ठाऊकच असणार असं मी धरून चालले. पण ती वाढली डोंबिवलीत, कोकण तिला मे महिन्यापुरतं. तिला चीक माहीत होता, नावाचं माहीत नव्हतं; आणि आजारपणात ती त्याला बाळाच म्हणायची, म्हणून घरी काही कळलंही नाही.

साईला मात्र मी सगळं सांगितलं. तेलाला कान असतात म्हटल्यावर त्याने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंडच दाबलं. म्हटलं, "आता तुला मी भोपळ्या म्हणणार." तर त्याने उठून आरशात बघितलं आणि भोकाडच पसरलं. "मी भोपळाच दिसतो! भोपळ्या नको!" बरोबर होतं त्याचं. एवढं तोंड सुजल्यावर कोणाला भोपळ्या म्हणू नये. मग टोपल्या नको, बटाट्या नको. त्याला खरं नाव हवं होतं, माणसाचं. डोळे पुसत पुसत त्याने ओट्यावरचा पेला उचलला आणि माझ्यासमोर धरला.

"हे. हे नाव. हे मला वाचता येतं."

मी म्हटलं, "ते नको."

"व्हाय?"

आता त्याला काय सांगू? मी म्हटलं, ते दुसऱ्याचं आहे. तर म्हणाला, "तो रत्नागिरीला आहे ना? त्याला कळणार नाही. मी नंतर देईन परत."

मी उठले, पाणी प्यायले. परत येऊन बसले. तो पेला धरूनच होता, मोज्यातल्या हातांनी. मी म्हटलं, "बरं."

त्या दिवशी मी हाक मारलीच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आतल्या खोलीत खेळत होता, दूध गरम झालं होतं. मी ओट्याशी उभी होते. हाक मारायची होती. दूध दोनदा ढवळलं. मग मारली.

"तौहीद!"

"ओ!"

आतून आली. लांबलचक. सगळी पोरं तशीच ओ देत असतील, मला काय माहीत. मी ओट्याला धरून उभी राहिले. इतकी वर्षं मी एका हाकेची भीती बाळगून होते आणि इथे एक पोरगं मोजे घातलेले हात हलवत दूध प्यायला येत होतं. मला रडू आलं आणि आनंदही झाला, दोन्ही एकदम, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही होतं असं मला आजही वाटत नाही.

मग काय! मी दिवसभरातलं एकेक निमित्त काढून हाका मारायला लागले. तौहीद, फडकं बदलूया. तौहीद, खाजवतोस का रे? तौहीद, इकडे ये. आणि दरवेळी ओ. तोही खूश. नवी टोपी मिळाल्यासारखा ते नाव घालून हिंडत होता.

मगरीबनंतर अलीमियाँ चहाला वर येतात. एका संध्याकाळी मी अशीच हाक मारली, साईने ओ दिली, आणि मी वळले तर अलीमियाँ दारात. एक चप्पल पायात, एक हातात. मला वाटलं ओरडतील. पण ते आतल्या खोलीच्या दाराकडे बघत राहिले. मग हातातली चप्पल खाली ठेवली, पायात घातली आणि चहा न घेता खाली गेले. मी त्यांच्यामागे गेले नाही. 

सूज उतरली, फोड सुकले, डॉक्टरांनी शाळेत पाठवा म्हणून सांगितलं. साई शाळेत गेला. कानामागे एक खपली राहिली होती. आणि खपली आहे तोवर नाव नाही, हे मी त्याला पक्कं शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता प्रेमा एकटीच आली. फोन हातात.

"भाभी, शाळेतून फोन आला होता. साई हजेरीला बोलतच नाहीये. टीचरने विचारलं तर म्हणाला, माय नेम इज तौहीद. काल पण, आज पण."

"मग? खपली कुठे पडलीय अजून? कानामागे आहे एक."

"कसली खपली? मी नावाचं बोलतेय, भाभी."

"मीपण नावाचंच बोलतेय."

इथपर्यंत ठीक होतं. मी तिला आत घेऊन बसवलं असतं, चहा ठेवला असता, सगळं सांगितलं असतं. पण तिचा आवाज चिरका झाला आणि ती म्हणाली, "माझ्या मुलाला मुसलमानी नाव का दिलंत तुम्ही?"

त्या दिवसांत गावाकडून फोनवर काय काय यायचं. कोणी कोणाचं पोर बाटवलं, कोणी कोणाचं घर जाळलं. तिच्या फोनवर एक बाजू, आमच्या फोनवर दुसरी. मी असले मेसेज वाचत नाही, तीही वाचत नसेल असं मला वाटायचं. पण तिच्या डोळ्यांत मला ते सगळं दिसलं, आणि माझं डोकं फिरलं.

"दिलं! काय करशील? माझ्या हातचं जेवला तेव्हा बाटला नाही, माझ्या मांडीवर झोपला तेव्हा बाटला नाही, आणि नावाने बाटला? जा, घेऊन जा तुझं पोर! सांभाळ तिजोरीत घालून!"

अजूनही पुष्कळ बोलले. नको ते सगळं बोलले. बोलायचं होतं तेवढं एकच राहिलं, की ते नाव माझ्या मुलाचं आहे. एवढंच म्हणायचं होतं. पण ते असं भांडणात काढून तिच्या तोंडावर फेकायचं? ते मला जमेना. प्रेमा रडत गेली. माझा आवाज खाली बाजारात ऐकू गेला असणार.

संध्याकाळी जनार्दन आला. गरीब माणूस, नजर वर करेना. "भाभी, गैरसमज करून घेऊ नका. साईची वरच्या मजल्यावर कलावतीताईंकडे सोय केलीय. तुम्हालाही जरा आराम." मी म्हटलं, "बरं झालं." आणि दार लावलं. मग दाराला पाठ लावून खाली बसले.

पुढचे दिवस मी मोजले नाहीत. चार वाजले की जिन्यात पावलं वाजायची. आमच्या दाराशी जरा थांबायची, कोणीतरी त्याचा हात ओढायचं, आणि पावलं वर जायची. पेला मी फडताळात पार मागे ढकलला. चपात्या लाटताना उरलेली कणीक तशीच परातीत राहायची, उंट करायला कोणी नव्हतं.

अलीमियाँ सगळं बघत होते. शुक्रवारी जुम्म्याची नमाज करून आले, पांढरा सदरा अंगात, आणि आमच्या दारात न येता समोरच्या दाराची बेल वाजवली. माझं दार उघडंच होतं. प्रेमाने दार उघडलं. ते आत गेले नाहीत, उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"बेटी, ते नाव आमच्या पोराचं होतं," ते म्हणाले. "चार वर्षांचा होऊन गेला. मी त्याला नीट पाहिलाही नाही. वजीरा कोणाला सांगत नाही. मीपण सांगत नाही. म्हणून तुला कळलं नाही. तुझी चूक नाही यात." मग म्हणाले, "आणि ते तेलाचं, ती तिच्या वाडीतली खुळं आहेत. ती खरी मानते. पोराला त्रास द्यायचा नव्हता तिला."

परत आले आणि माझ्याकडे न बघता वजूला, नमाजाआधीचे हातपाय-तोंड धुवायला, गेले. नुकतीच नमाज झाली होती तरी.

प्रेमा लगेच आली. माझ्या गळ्यात पडून रडली, मीही रडले. "भाभी, मला सांगायचं ना हो, एकदा तरी सांगायचं ना."  साई तिच्या मागे उभा होता, पहिल्या दिवशी उभा होता तसाच. त्याचे गाल बघितले. नवी कातडी आली होती, गुलाबी. कानामागे हात लावून बघितला. खपली पडली होती.

मी म्हटलं, "प्रेमा, याचं नाव परत द्यायचं राहिलंय. ते करून टाकूया."

त्याला आत उभा केला, मी उंबऱ्याबाहेर गेले. हाक मारली, "साई!"  आईकडे बघितलं त्याने. प्रेमाने मान हलवली. पुन्हा हाक मारली, "साई!" तेव्हा त्याने ओ दिली, बारीकशी. मग आणखी दोनदा मारली, आणखी दोनदा दिली. त्याच्या तोंडात साखर घातली. ती चघळत चघळत त्याने विचारलं, "खाला, मग तौहीद कुठे गेला?"

आमच्या वाडीत हे कोणी कधी विचारलं नव्हतं. भोपळ्या कुठे गेला, टोपल्या कुठे गेला, याची कोणाला पडलीय?  प्रेमाने त्याचं डोकं जवळ घेतलं. आतल्या खोलीत अलीमियाँच्या तसबीचे, जपमाळेचे, मणी ओढायचे थांबले होते, ते मला कळलं.

मला वाटलं, आता रविवारी, इथे आठवडा सुरू होतो तेव्हापासून, साई येईल. प्रेमा जाताना म्हणालीही, "पाठवते भाभी." पण रविवारी पावलं वरच गेली. नंतरही वरच गेली. प्रेमा भेटली की हात धरायची, विचारपूस करायची, डबा द्यायची. "कलावतीताईंना सवय झालीय त्याची आता," म्हणायची, "आणि तुम्हाला उगाच आठवणी नकोत." आधी तिला माझी भीती वाटली होती, ती परवडली. भीती समजावून घालवता येते. आता तिला माझी दया येत होती, आणि जिची दया येते तिच्याकडे कोणी आपलं पोर ठेवत नाही. मी तिला दोष देत नाही. तिच्या जागी मी असते तर मीही ठेवलं नसतं. पण म्हणून जळत नव्हतं असं नाही.

एक दिवस असाच. मगरीब झाली, मी दूध तापवलं. का तापवलं, आम्ही दोघंही संध्याकाळी दूध पीत नाही. हाताला सवय. फडताळात हात घातला तर पेला हाती आला. दूध ओतलं, दोन चमचे साखर घातली, ढवळली. वर जिन्यात पावलं वाजली, लहान लहान, आणि वरचं दार लागलं. मी पेला हातात घेऊन वळले आणि तोंडातून गेलं.

"तौहीद!"

गेलं ते गेलं. घरात ओ द्यायला पोर नव्हतं आणि मी वेड्यासारखी ओट्याशी उभी. जीभ चावली. म्हटलं, या अल्ला, आता एवढंच राहिलं होतं.

"ओ."

आतल्या खोलीतून. जाडा, घोगरा आवाज. पण ओ लांबलचक होती, कॅसेटमधली होती तशी.

अलीमियाँ बाहेर आले. टोपी डोक्यावर, तसबी मनगटात. माझ्यासमोर येऊन ते साई दूध प्यायला बसायचा त्या बुटक्या स्टुलावर बसले, गुडघे वर करून, आणि हात पुढे केला. मी पेला दिला. त्यांना साखरेचा आजार आहे, डॉक्टरांनी गोड बंद केलंय, मी चहातही साखर घालू देत नाही. त्यांनी सगळं दूध प्यायलं. तोंड पुसलं, पेला माझ्या हातात परत दिला, आणि मी तो धुऊन पुढच्या फळीवर ठेवला.